पेनल्टी हुकवणारा कप्तान

"अरे, हा तर पेनल्टी हुकवणारा!" मित्र हसला आणि अंगठ्याने पुढची रील लावली. संपला विषय.

माझ्या डोक्यातून मात्र जाईना.

अलियू सिसे. 2002 च्या आफ्रिका कप फायनलला सेनेगलच्या फुटबॉल टीमचा कप्तान. कॅमेरूनविरुद्ध मॅच बरोबरीत सुटली, मग पेनल्टी शूटआउटमध्ये शेवटची किक त्याची, आणि ती हुकली. त्याच वर्षी वर्ल्ड कपच्या पहिल्याच मॅचला याच्याच टीमने फ्रान्सला लोळवलं होतं, पण त्याची रील कोण बघतो!

2015 ला तो सेनेगलचा कोच झाला. 2019 ला पुन्हा फायनल हरला, अल्जीरियाकडून. आपल्याकडे त्याच रात्री नारळ दिला असता. तिथे ठेवला.

मग फेब्रुवारी 2022. फायनल कॅमेरूनमध्येच, समोर इजिप्त. सुरुवातीलाच सेनेगलच्या सादियो मानेची पेनल्टी अडवली गेली. मॅच शूटआउटपर्यंत ताणली, आणि निर्णायक किकला पुन्हा मानेच. मारली की त्याने! सेनेगलचा पहिलावहिला आफ्रिका कप.

त्याच मॅचमध्ये आधी हुकलेल्या माणसाला शेवटच्या किकला पाठवायचं, हे बाकावर बसलेल्या सिसेला किती जड गेलं असेल? की सगळ्यात सोपं त्यालाच गेलं असेल?