तुम्ही विचारलंत म्हणून: मॅडम, तुमचा एकही दिवस चुकत नाही का?

चुकतो. झालं उत्तर.

पण एवढ्यावर कुणी सोडत नाही. "विनय आहे हो तुमचा" म्हणतात आणि परत तेच. पहाटे कितीला उठता, लिहायला कधी बसता, चार पुस्तकं, दर आठवड्याचं सदर, शाळा-कॉलेजातल्या कार्यशाळा, वर घरचं सगळं, एक दिवससुद्धा खाडा होत नाही का? इथे सोलापुरात नवी पेठेत साडीला फॉल घ्यायला गेले तरी दुकानदार मीटर हातात धरून हेच विचारतो. परवा दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं ठेवून विचारलं, तेव्हा उत्तर द्यायची सोय नव्हती ते बरंच झालं. म्हणून एकदा लिहून टाकते. यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार.

(पुण्याला राहायला का जात नाही, हे विचारणाऱ्यांसाठी: सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस आहे, तिने जाते, काम करते, त्याच रात्री परत येते. दुसऱ्या पुस्तकाचा निम्मा मजकूर कुर्डुवाडी ते दौंड या टप्प्यात लिहिलाय. विषय संपला.)

तर पहाटेचं. सवयी कशा लावायच्या यावरच्या माझ्या पहिल्या पुस्तकात वाक्य आहे, "पहाटेचा पहिला तास फक्त तुमचा एकट्याचा." आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसाआड येतं, कधी पाचव्या दिवशी, आणि यायचं असलं की बरेचदा पहाटेच येतं. मी ते वाक्य लिहीत होते ना, अगदी तेव्हाच खाली पाणी आलं होतं. मी म्हटलं एवढा परिच्छेद होऊ दे. परिच्छेद झाला, छान झाला, आणि मोटार लावायची राहिली. पुढचे चार दिवस शेजारच्या काकूंकडून कळशीने पाणी आणलं. काकूंनी एक शब्द बोलून दाखवला नाही, फक्त पुस्तक आल्यावर वाचून म्हणाल्या, "त्या पहिल्या तासाचं लई भारी लिहिलंय." सोलापुरात पहाटेचा पहिला तास पाण्याचा असतो, हे मला इथे जन्मून माहीत नव्हतं असं थोडंच आहे. पण पुस्तक लिहायला बसलं की माणूस कुठल्यातरी अशा गावात जाऊन बसतो जिथे नळाला चोवीस तास पाणी असतं.

आता खरा दिनक्रम. लिहिते 11 नंतर, जमेल तेवढं. मे महिन्यात पारा 43-44 च्या आसपास गेला की दुपारी 12 ते 5 काहीही होत नाही, फरशीवर ओलं फडकं फिरवून आडवं व्हायचं, आणि कुणी त्याला आळस म्हणालं तर त्याने एक दुपार माझ्या गच्चीखालच्या खोलीत काढून दाखवावी. ऑडिओबुकचं रेकॉर्डिंग त्याच खोलीत केलं. स्टुडिओ परवडत नव्हता म्हणून भिंतींना घरातल्या सगळ्या सोलापुरी चादरी टांगल्या, त्या मोरवाल्या पण, आवाज मस्त दबतो. घरची मोरवाली चादर त्या कामाला आली आणि लग्नात आलेल्या भारीतल्या परदेशी ब्लँकेटाचा काही उपयोग झाला नाही. फक्त मागच्या गल्लीतल्या यंत्रमागाची खटखट कशानेच दबत नाही. त्यामुळे माग बंद असतील त्या दिवशी रेकॉर्डिंग. नीट कान देऊन ऐकलं तर "मन शांत ठेवा" या प्रकरणात मागे एक माग चालू आहे.

आणि बाकीचा वेळ कुठे जातो? तर मधल्या मारुतीच्या बाजारात. काही घ्यायचं नसतं, उगाच. मसाल्याचा वास, गर्दी, एका दुकानात तेलुगू, दुसऱ्यात कन्नड, आणि दोन्हीकडे भाव मात्र मराठीत. कडक भाकरीची चवड घ्यायची, खलबत्त्यात कुटलेली शेंगाचटणी घ्यायची (मिक्सरची नाही, तिला तसं तेल सुटत नाही), संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाला बसून किल्ल्याच्या बुरुजावर येणारे बगळे मोजायचे आणि मोजायचं विसरून जायचं. हिवाळ्यात कुणाच्या तरी शेतात हुरडा. संक्रांतीच्या आसपास गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, ते चार-पाच दिवस तर मी एक अक्षर लिहीत नाही. सातही नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या त्या उंच मानाच्या काठ्या, सम्मती कट्ट्यापाशी आले आणि सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडल्या, की त्या बाराबंदी घातलेल्या पांढऱ्या गर्दीत उभं राहून मला दर वर्षी रडू येतं, का ते विचारू नका. म्हणजे दर जानेवारीत माझा नियम मोडतो. माझाच नियम.

तो नियम असा. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी 21 चौकोन छापलेत. रोज एक सवय पाळायची, चौकोनात बरोबरची खूण करायची. आणि खाली जाड अक्षरात: "एक दिवस जरी चुकला, तरी परत दिवस पहिला." यमक जुळलं म्हणून मी तेव्हा इतकी खूश झाले होते की चहा करून प्यायले.

आता जे सांगायचं टाळतेय ते.

दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या हॉलमध्ये व्याख्यान होतं. व्याख्यान झालं, पुस्तकांवर सह्या घ्यायला रांग लागली, दोनशेच्या वर माणसं होती, हे मुद्दाम सांगतेय कारण ती माझी पळवाट आहे आणि पुढे मी ती वापरणार आहे. रांगेत एक मुलगा आला, बावीस-तेवीसचा. टॉवेलच्या कारखान्यात फोल्डिंगला होता, अशोक चौकाच्या बाजूला राहणारा. डोक्यावर लोकरी टोपी, मार्च महिन्यात, पंख्याखाली. पुस्तक नवं नव्हतं, चांगलं हाताळलेलं होतं. त्याने थेट शेवटचं पान उघडलं. सरकारी क्लार्कच्या परीक्षेसाठी मराठी टायपिंगचा सराव करत होता, रोज कामावरून आल्यावर एक तास. तेरा चौकोनांत निळ्या पेनाच्या खुणा होत्या, सगळ्या एकसारख्या, पट्टी लावून केल्यासारख्या. चौदावा रिकामा. पंधरावा पण रिकामा.

म्हणाला, "मॅडम, एक विचारायचं होतं. चौदाव्या दिवशी राहिलं बघा. परत एकपासूनच करायचं का? का तेरा धरायचे?"

मी सही करत होते. म्हटलं, "का राहिलं?"

"आई गेली ना मॅडम त्या दिवशी."

आणि मी, मान वर न करता, हसत, आजूबाजूच्या चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आई गेली, पण तू तर होतास ना घरी? आई गेली म्हणून टायपिंग थांबतं का?"

मागचे दोघे-तिघे हसले. तो पण हसला. म्हणाला, "नाही मॅडम, बरोबर आहे." मी पुस्तकावर लिहिलं, "कारणं सगळ्यांकडे असतात. परत दिवस पहिला! शुभेच्छा." त्याने दोन्ही हातांनी पुस्तक घेतलं आणि वाकून नमस्कार केला. पुढचा.

मला वाटलं आई गावाला गेली. बहिणीकडे, माहेरी, तुळजापूरला, कुठेही. आपण रोज बोलतोच ना, आई गेली, बाबा गेले, पोरं गेली. शपथेवर सांगते, मला तेच वाटलं.

रात्री जेवताना ह्यांना किस्सा सांगत होते. सांगत होते म्हणजे, उद्याच्या सदरात वापरायचा म्हणून तोंडात घोळवत होते, आजकालची मुलं किती साध्या कारणाने सवय सोडतात वगैरे. टोपीचा तपशील पण घातला, मजेशीर वाटला म्हणून. आमचे हे कमी बोलतात. भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबले आणि म्हणाले, "गेली म्हणजे?"

मी म्हटलं, "गेली म्हणजे गेली. गावाला."

"टोपी होती म्हणालीस ना?"

बास. एवढंच बोलले. मी ताटावर बसून राहिले, हात तसाच वाळला.

केस काढलेले असणार. पंधरा-वीस दिवस झाले असतील. आणि त्याच्या मनात एकच अडचण होती, की तेरा दिवसांचं काय करायचं, कारण पुस्तकात तसं छापलं होतं, जाड अक्षरात, आणि त्याने ते खरं मानलं होतं. मी ते यमक म्हणून लिहिलं होतं.

शोधला. अशोक चौक, साखर पेठ, तिकडच्या दोन टायपिंग क्लासात जाऊन आले. एकीकडे मॅडम म्हणाल्या, कारखान्यात काम करणारी मुलं तर आमच्याकडे निम्मी आहेत, नाव सांगा. नाव मी पुस्तकावर लिहिलं होतं, स्वतःच्या हाताने, आणि मला आठवत नव्हतं. दोन कारखान्यांच्या गेटवर पण उभी राहिले सुट्टीच्या वेळेला, बायका माझ्याकडे बघत जात होत्या, वॉचमनने विचारलं कोण पाहिजे. काय सांगणार, टोपीवाला पाहिजे? तोपर्यंत टोपी काढली पण असेल त्याने.

आता पळवाटा. दोनशे माणसं होती. हॉलमध्ये आवाज होता. कुणीही चुकलं असतं. आणि त्याने पण स्पष्ट सांगायला काय हरकत होती, "वारली" म्हणायचं, मी लगेच उठून उभी राहिले असते. या सगळ्या गोष्टी मी स्वतःला सांगून बघितल्यात, दिवसा बऱ्यापैकी पटतात.

मग मी, जे पुस्तक लिहायच्या आधी करायला पाहिजे होतं, ते नंतर केलं. हे 21 आलं कुठून ते शोधलं. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी 1960 मध्ये लिहिलं होतं की ऑपरेशननंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला माणसाला निदान 21 दिवस लागतात. निदान. तो शब्द पुढे सगळ्यांनी गाळला, मी पण, कारण मी ते कुणाच्या तरी भाषणात ऐकून उचललं होतं. आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे रोजची एक गोष्ट करायला लावून नोंदी ठेवल्या, 2009 मध्ये ते छापून आलं. सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ साधारण 66 दिवस, पण कुणाला 18 तर कुणाचा हिशेब थेट 254 पर्यंत. आणि पुढचं वाक्य वाचून मी लॅपटॉप मिटला होता: मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही.

म्हणजे तेरा धरायचे होते. त्याचे तेरा धरायचे होते. माझं पहिलं पुस्तक आलं त्याच्या कितीतरी आधी हे उत्तर छापून ठेवलेलं होतं.

तेव्हाच्या मला हे सांगितलं तर ती काय म्हणेल तेही मला माहितीये. म्हणेल, लोकांना ढिलाई दिली की लोक पसरतात, "साधारण 66, कमी-जास्त" असं छापलं तर कोण पुस्तक घेईल, आणि तू स्वतः त्या नियमाच्या जिवावर नोकरी सोडून लेखिका झालीस हे विसरू नको. यातलं शेवटचं खोटं आहे. मी लेखिका झाले ते मध्ये मध्ये सोडून देत, गड्ड्याला जाऊन, आजारी सासूबाईंपाशी आठ महिने बसून, एक ओळ न लिहिता, आणि परत जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू करत. एकपासून कधीच नाही. पण पहिली दोन खोटी आहेत असं मी छातीठोक म्हणू शकत नाही.

कारण एक रिक्षावाले आहेत, सात रस्त्याच्या स्टॉपवर असतात, पन्नाशी उलटलेले. त्यांनी तंबाखू सोडली, तीस वर्षांची, माझ्या त्याच चौकोनांवर. सात वेळा परत एकपासून सुरू केलं, आठव्यांदा सुटली. त्यांना मी हा सगळा प्रकार सांगितला आणि म्हटलं, ते वाक्य काढून टाकतेय. रिक्षा बाजूला घेऊन थांबवली त्यांनी. म्हणाले, "काढू नका मॅडम. लई बेकार वाक्य हाय, लई शिव्या घातल्या मी तुम्हाला. पण 'एखादा दिवस चालतंय' असं लिवलं असतंत, तर माझा रोजच एखादा दिवस असता."

मी त्यांना त्या मुलाबद्दल परत विचारलं, मग त्याचं काय? म्हणाले, "त्याचं वेगळं हाय." कसं वेगळं ते त्यांनाही सांगता येईना, मलाही येईना. टायपिंगला एक नियम आणि तंबाखूला एक, असं करून बघितलं, लिहिलं पण दोन पानं, मग तिसरीच माणसं डोळ्यासमोर यायला लागली, गोळ्या घेणारी, व्यायाम करणारी, दारूवाली, आणि प्रत्येकाच्या घरी कुणीतरी आजारी. तळटीप घातली तर ती तळटीप कोण वाचणार, रांगेत उभा राहून दोन्ही हातांनी पुस्तक पुढे करणारा तर नाहीच, तो जाड अक्षरं वाचतो.

तर चुकतो माझा दिवस. या आठवड्यात तीन चुकले. एक पाण्यात गेला, एक तलावावर, आणि एक कशात गेला तेच आठवत नाही.

पाचव्या आवृत्तीची प्रूफं टेबलावर पडून आहेत. त्या ओळीवर मी पेन्सिलीने काट मारली होती, परवा रिक्षातून घरी आल्यावर ती खोडली, काल परत मारली, आता तिथला कागद पातळ झालाय. सोमवारी पाठवायचीत.