दुसरं काही वाईट

मी पोटासाठी भाषांतरं करते. बहुतेक औषधांची माहितीपत्रकं आणि बँकांच्या नोटिसा, मधूनच एखादं पुस्तक. त्या पावसाळ्यात धर्मयुद्धांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हातात होतं. रोज आठ पानं हा माझा रतीब. त्या मंगळवारी एक वाक्य काही केल्या पुढे जाऊ देईना.

प्रकरण अँटिऑक शहराचं होतं, आजच्या तुर्कस्तानातल्या. ऑक्टोबर १०९७ मध्ये फ्रँकांनी, म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या धर्मयोद्ध्यांनी, शहराला वेढा घातला. जून १०९८ मध्ये आतला एक जण फितवून ते घेतलं आणि लगोलग मोसूलचा मुस्लिम सरदार केरबोगा फौज घेऊन आल्यावर तेच आत कोंडले गेले. २८ जूनला उपाशी सैन्य बाहेर पडलं आणि त्यानं केरबोगाचा तळ उधळून दिला. इथवर बोटं भराभर चालली. लढाया भाषांतराला सोप्या असतात. मग आला शार्त्रचा फुल्चर, पाद्री आणि बखरकार. तंबूंत सापडलेल्या बायकांबद्दल तो लिहितो : फ्रँकांनी त्यांचं काही वाईट केलं नाही, पोटांत भाले खुपसले.

इंग्रजीत या दोन तुकड्यांच्या मध्ये ‘बट’ आहे. त्याचं ‘पण’ करू की ‘खेरीज’? ‘पण’ घातलं तर भाला वाइटात मोडतच नाही. ‘खेरीज’ घातलं तर मोडतो. वसईच्या एका फादरांना फोन लावला. त्यांनी आयुष्यभर लॅटिन शिकवलंय. मूळ ओळ वाचून दाखवली.

“‘दुसरं’ आहे बघ त्यात,” ते म्हणाले. “दुसरं काही वाईट केलं नाही, भाले खुपसले एवढं सोडलं तर.” मग जरा थांबून, “दुसरं म्हणजे काय, ते कळलं ना?”

कळलं. आणि वाक्याची घडणही ओळखीची वाटली. ‘याखेरीज इतर दुष्परिणाम आढळले नाहीत.’ हे मी आठवड्यातून चारदा टंकते.

संपादकांना विचारलं तर ते म्हणाले, “अहो, ‘अब्रूला हात लावला नाही’ लिहा की. वाचकाला लगेच कळेल.”

कळेल हो. पण अब्रू कोणाची? अब्रू लुटली, बाटवली, शील भ्रष्ट केलं, हे सगळे शब्द मी एका कागदावर लिहून काढले. प्रत्येकात गमावते ती बाई. जणू करणाऱ्याच्या अंगाला काही लागतच नाही. फुल्चरचा हिशेब नेमका उलटा आहे. त्याला काळजी सैनिकाच्या शुचितेची. तोच सांगतो, की वेढा रखडला तेव्हा छावणीतल्या बायका हाकलून दिल्या होत्या, लग्नाच्या, बिनलग्नाच्या सगळ्या. पुरुष वासनेनं मळले तर देव रुसेल म्हणून. स्पर्शानं हा स्वतःला यात्रेकरू म्हणवणारा सैनिक विटाळतो, भाल्यानं नाही. पोट जिचं फाटलं तिचा या हिशेबात कुठे रकानाच नाही.

गंमत म्हणजे हा गृहस्थ तिथं नव्हताच. तो बाल्डविन नावाच्या फ्रँक सरदाराचा पाद्री, तेव्हा दूर एडेसा शहरात होता. म्हणजे तंबूंत काय झालं याचा हा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा नव्हे. आपल्या माणसांबद्दल काय सांगितलं की शोभतं, एवढं मात्र त्यावरून पक्कं कळतं.

सरळ ‘बलात्कार केला नाही’ लिहिलं, तर त्यानं जे झाकलंय ते मीच उघडं करणार. झाकण्याची रीत आपल्यालाही नवी नाही. रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडायला लावणारं शिवाजी महाराजांचं पत्र आहे, त्यात गुन्ह्याला शब्द आहे नुसता ‘बदअमल’. बाकीचं आपण समजून घ्यायचं. मोहानं तो शब्द फ्रँकांना लावून पाहिला. फ्रँक थेट मावळातून आल्यासारखे दिसायला लागले. खोडला.

शेवटी साडेचारला लिहिलं : ‘तंबूंत सापडलेल्या बायकांच्या पोटांत फ्रँकांनी भाले खुपसले, एवढं सोडलं तर त्यांचं दुसरं काही वाईट केलं नाही.’ संपादकांनी समासात लिहून पाठवलं, “‘दुसरं’ खटकतंय.” मी उत्तर दिलं, “खटकू दे.”

त्या दिवशी मग एकच परिच्छेद उरकला. ११२०, नाब्लुसची सभा. जेरुसलेमचा फ्रँक राजा आणि पेट्रिआर्क, म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू, यांनी मिळून केलेले कायदे. आपल्याच मुस्लिम दासीवर कोणी जबरदस्ती केली, तर त्याला खच्ची करायचं आणि दासी सरकारजमा. बँकेच्या कामामुळे तो शब्द हाताशीच होता. ‘जप्त’ टंकलं, वीस मिनिटांत परिच्छेद झाला.