कोजागिरीला बसलेला ग्लास

दुधाचा पहिला डाव ओतला तेव्हा मी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला सतरंजी अंथरत होते. मागून कोणीतरी पोरगं ओरडलं, "आजी, तुमचा ग्लास खाली बसला!" मला वाटलं, सांडला असेल. वळून पाहिलं तर ग्लास खरोखरच बसला होता. कमरेत वाकला, मग एका अंगाला कलला आणि दूध सतरंजीवर. पाठोपाठ दुसरा, तिसरा. नानांच्या हातातला तर बोटांच्या खुणा उमटून लांबट झाला होता आणि ते तो सोडायलाही तयार नव्हते, कारण सोडला तर धोतरावर.

ग्लास आमच्या कारखान्यातले होते. मी तिथे क्वालिटी बघते.

बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं छोटं युनिट आहे. प्लास्टिकचा दाणा बाहेरून येतो. आम्ही त्याची शीट ओढतो आणि थर्मोफॉर्मिंगवर, म्हणजे ती तापवून साच्यात ओढून, ग्लास, वाट्या, झाकणं काढतो. २०२२ च्या १ जुलैला प्लास्टिकचे ग्लास, ताटल्या, चमचे यांच्यावर बंदी आली आणि शेठनी दोन मशीनं पीएलएवर वळवली. पीएलए म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल, मक्यासारख्या पिकांपासून केलेलं प्लास्टिक. कंपोस्टेबलचं, म्हणजे कुजून खत होण्याचं, प्रमाणपत्र असलेल्या मालाला या बंदीतून सूट आहे.

दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळानेही त्यानंतर थर्माकोल-प्लास्टिक बंद केलं. बैठकीत मीच तोंड उघडलं, "नाना, आमच्याकडून घ्या, घरच्या भावात देववते. कागदी कप घ्या." एवढंच म्हणाले. कागदीच का, हे सांगितलं नाही. नानांनी आयुष्यभर बँकेत कॅश मोजली, त्यांना कारण सांगितल्याशिवाय काही पटत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं. ते परस्पर आमच्या मार्केटिंगच्या मुलाला भेटले. त्याने दोन्ही नमुने टेबलावर ठेवले. कागदी कप दिसायला चहाच्या टपरीवरचा, आणि शेजारी हा काचेसारखा पारदर्शक ग्लास. नाना म्हणाले, "दुधातलं केशर दिसलं पाहिजे." मुलाने ग्वाही दिली की गेल्या शरद पुनमला एका सोसायटीने हेच तीनशे ग्लास नेले होते, "दूध-पौंआमां कांई वांधो नहोतो आव्यो."

खरंच वांधा आला नव्हता. गुजराती घरांतले दूध-पोहे चांदण्यात ठेवून गार करून खातात. आमचं कोजागिरीचं दूध आटीव, शेगडीवरून थेट डावाने ओतायचं. त्या मुलाला हा फरक माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि मी तर खोकं उघडलेलंच पाहिलं नव्हतं.

माझ्या स्कूटीच्या डिकीत तापमान मोजायची पिस्तुली असते, शीटच्या तपासणीसाठी. खाली पळत जाऊन आणली. पातेल्यातलं दूध ७८ अंश होतं. कोणाला भाजलं नाही, एका वहिनींच्या हातावर थोडं उडालं तेवढंच. पण साठ-सत्तर माणसं, रात्रीचे साडेअकरा, आणि दूध प्यायला भांडं नाही.

मग जे झालं ते मला अजून आठवतं. बायका जिना उतरल्या आणि पाच मिनिटांत गच्चीवर स्टीलच्या फुलपात्रांचा ढीग पडला. मुंजीतली, बारशातली, वास्तुशांतीची, प्रत्येकावर कोणाचं ना कोणाचं नाव कोरलेलं. दूध मस्त झालं होतं, जायफळ जरा जास्त होतं.

दूध पिऊन झाल्यावर माझी उलटतपासणी सुरू झाली. नाना म्हणाले, "मक्यापासून करतात म्हणालीस ना? मग मक्याची भाकरी काय दुधात वितळते?"

मी म्हटलं, वितळला नाही, मऊ पडला. हा फरक कोणालाच पटला नाही, म्हणून पहिल्यापासून सांगायला बसले. मक्याच्या पिठूळातून, म्हणजे स्टार्चमधून साखर काढतात. कुठे उसाची साखर वापरतात. त्या साखरेवर जिवाणू सोडले की ते तिचं लॅक्टिक आम्ल करतात. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं जे करतात तेच, फक्त मोठाल्या टाक्यांत. शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, "म्हणजे दह्याचा ग्लास!" तसं नाही, पण आम्ल तेच, हे खरं. पुढे त्या आम्लातलं पाणी काढून दोन-दोन रेणूंची कडी बनवतात, तिला लॅक्टाइड म्हणतात. मग त्या कड्या उघडून एकीत एक अडकवत हजारो दुव्यांची साखळी ओवायची. ती साखळी म्हणजे पीएलए. अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअरला आणि थायलंडमध्ये रायोंगला याचे मोठे कारखाने आहेत.

"आणि मग ते मऊ का पडलं?" नाना मुद्दा सोडत नाहीत.

पीएलए वितळायला साधारण १७० अंश लागतात. पण ५५ ते ६० अंशांच्या आसपास त्याच्या साखळ्या सैल होतात, कडकपणा जातो. त्यात आमचे ग्लास सपाट शीट तापवून, साच्यात ओढून, झटकन थंड केलेले. ओढलेला ताण आत तसाच गोठलेला असतो. गरम दूध पडलं की ताण सुटतो आणि ग्लास पुन्हा शीट व्हायला बघतो. गच्चीवर पडलेले काही ग्लास पार पसरट झाले होते, ते त्यामुळे.

गंमत म्हणजे खोक्यातले पांढरे चमचे टिकले. एका आजोबांनी त्याच चमच्याने दुधातली चारोळी काढून खाल्ली. माल तोच, पीएलए. पण त्यात शंखजिऱ्याची पूड घालून, तापलेल्या साच्यात थोडा वेळ थांबू दिलं की स्फटिक बांधले जातात. मग तो ८०-८५ अंशांपर्यंत दम धरतो. पारदर्शकपणा मात्र जातो. नानांना केशर बघायचं होतं, तिथेच घोटाळा. आणि कागदी कपाला आतून पीएलएचाच पापुद्रा असतो. तोही मऊ पडतो, पण कागद त्याला उभा धरतो. मी कागदी म्हणाले होते ते याच्यासाठी. हे वाक्य मी बैठकीत म्हणायला हवं होतं.

सकाळी आठला कामावर गेले. शेठना आधीच कळलं होतं. "बॉक्स उपर लख्युं छे ने?" गरम पेयासाठी नाही, असं लिहिलं होतं खरं, पण खोक्याच्या बुडाला, इंग्रजीत, माझ्या करंगळीच्या नखाएवढ्या अक्षरांत. त्या मजकुरावर सही माझी होती.

वाद घालण्यापेक्षा मी त्याच खेपेतले वीस ग्लास घेतले आणि प्रयोगशाळेत बसले. आधी दुसरी शंका काढून टाकायची होती. पीएलएचा दाणा हवेतली ओल पटकन ओढतो. नीट न वाळवता मशीनला घातला तर साखळ्या तुटतात आणि माल ठिसूळ होतो. पण ठिसूळ ग्लास तडकतो, वाकत नाही. ड्रायरची नोंदही ठीक होती. मग पाणी तापवून ओतत गेले. ४५ ला काही नाही. ५० ला काही नाही. ५५ ला कड बोटाने दाबली तर आत जाऊ लागली. ५८ ला बूड सुटलं. ६० ला ग्लासने मान टाकली. वीसच्या वीस, एका ओळीत. म्हणजे ग्लासात दोष नव्हता. तो अगदी हवा तसा बनला होता.

त्या ५८ च्या आकड्याशी मी बराच वेळ थांबले, कारण तो मला दुसरीकडून तोंडपाठ होता. आमचा माल ज्या मानकावर पास होतो, आयएस/आयएसओ १७०८८, त्यातल्या चाचणीत नमुना कंपोस्टमध्ये ठेवतात तो ५८ अंशांनाच. १८० दिवसांत त्यातल्या कार्बनपैकी ९० टक्क्यांचा कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा. इतकं तापमान का, तर तिथेच साखळ्या सैल पडतात, पाणी आत शिरतं, दुवे तोडतं, आणि मग जिवाणूंना खाता येतं. ज्या उष्णतेने तो आदल्या रात्री गच्चीवर बसला, तशीच उष्णता त्याला कुजायला लागते. गार राहिला की तो वाकतही नाही आणि कुजतही नाही. आमच्या सासूबाईंनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तुळशीशेजारच्या कुंडीत एक ग्लास पुरला होता. दीड वर्षाने माती बदलली तेव्हा तो जसाच्या तसा निघाला. त्यांनी धुऊन त्यात वाती ठेवल्या.

संध्याकाळी वाकडे ग्लास गोळा करायला मी पुन्हा गच्चीवर गेले. झाडणाऱ्या मावशींनी पोतं भरून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "ताई, हे ओल्यात टाकू का सुक्यात?" ओल्यात टाकावं तर ढीग पुरेसा तापेल याची खात्री नाही. सुक्यात टाकावं तर भंगारवाला पाण्याच्या बाटल्यांत मिसळणार, कारण दिसायला अगदी सारखे. बाटलीचं प्लास्टिक, पीईटी, २५० अंशांवर वितळतं, पीएलए त्याच्या कितीतरी आधी, म्हणजे सगळी खेप खराब. आठ वर्षं या धंद्यात असून मला मावशींना एका शब्दात उत्तर देता आलं नाही. पोतं स्कूटीवर बांधून कारखान्यात परत आणलं. आमच्या ट्रिमिंगसोबत, म्हणजे कापून उरलेल्या शीटसोबत, दळून त्याची पुन्हा शीट करावी म्हटलं, तर दुधाने चिकट झालेला माल, ऑपरेटरने हात लावायला नकार दिला. शेवटी मी आणि आणखी एकीने मिळून ते धुतले.

मंडळाचे पैसे शेठनी परत केले, कुरकुर करत. खोक्याचा मजकूर मी बदलून घेतला. आता वरच्याच बाजूला, मोठ्या अक्षरांत, गुजराती आणि हिंदीत "गरम पेयासाठी नाही" असं आहे. तिसरी ओळ मराठीत टाकायला सांगितली तेव्हा मार्केटिंगचा मुलगा म्हणाला, "बेन, मराठी कोण वांचशे?" मी म्हटलं, नाना वाचतील.

फुलपात्रं दुसऱ्या दिवशी घरोघर पोचवली. एक उरलं. त्यावर "सप्रेम भेट" एवढंच कोरलंय, नाव घासून गेलंय. तीन जणींनी आपलं नाही म्हणून सांगितलं. आता ते प्रयोगशाळेत आहे. नवीन खेप आली की पहिल्या पाच ग्लासांत मी त्यानेच गरम पाणी ओतते.