मायथॉलॉजी म्हणजे खोट्या गोष्टीच ना?

ग्रीक कथांवर कुठेही बोलायला गेलो की नंतर चहाच्या वेळी हा प्रश्न येतोच. पाठोपाठ दुसरा: "मग रामायण-महाभारताला तो शब्द कशाला लावता?" विचारणाऱ्याच्या आवाजात बहुधा थोडा रागही असतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, हा खोटेपणाचा डाग शब्दाला मागाहून लागला, आणि लावला तो खुद्द ग्रीकांनी, आपल्याच कथांना.

शब्दातला पहिला तुकडा 'मुथोस'. प्राचीन ग्रीक महाकवी होमरच्या काव्यात त्याचा अर्थ बोलणं, पुष्कळदा चारचौघांत वजनानं केलेलं बोलणं. 'ओडिसी'च्या पहिल्याच सर्गात बघा. पेनेलपीला मागणी घालणारे घरात ठाण मांडून बसलेत, गवई ट्रॉयच्या युद्धाहून परतणाऱ्यांच्या हालांचं गाणं गातोय. तिचा नवरा त्याच वाटेवर हरवलेला. ती माडीवरून खाली येते आणि रडत म्हणते, हे नको, दुसरं काही गा. तर कालपरवापर्यंत पोर असलेला टेलेमाकस आईला सुनावतो, तू वर जा, तुझा विणायचा माग सांभाळ. मुथोस हे पुरुषांचं काम, त्यातही माझं, कारण या घरात सत्ता माझी. इथे 'दंतकथा' असा अर्थ लावून बघा, हसू येईल!

पुढे इ.स.पू. ५व्या शतकात इतिहासकार हेरोडोटस आला. ग्रीक सांगत, त्यांचा महाबली वीर हेराक्लीस इजिप्तला गेला तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला हार घालून देवराज झ्यूसला बळी द्यायला नेलं. वेदीपर्यंत तो गप्प राहिला, मग उसळून त्यानं सगळ्यांना ठार केलं. हेरोडोटस विचारतो, जे लोक मोजक्या जनावरांखेरीज कशाचा बळी देत नाहीत, ते माणसाचा कसे देतील? आणि एकटा माणूस हजारोंना मारणार कसा? असल्या भाबड्या गोष्टीला तो मुथोस म्हणतो. आणि एवढं बोलून झाल्यावर देवांनी राग मानू नये, अशी विनवणीही करतो. हा माणूस मला फार आवडतो.

तत्त्वज्ञ प्लेटोच्या लिखाणात 'मुथोलोगिया' हा जोडशब्द भेटतो. आया-दायांनी मुलांना कुठल्या कथा सांगाव्यात याची छाननी करा, असं 'रिपब्लिक'मध्ये बजावणारा हा गृहस्थ त्याच ग्रंथाचा शेवट मात्र चितेवरून उठून बसलेल्या एर नावाच्या शिपायाच्या कथेनं करतो. इंग्रजीत तर गंमतच: 'मायथॉलॉजी' १५व्या शतकातला, सुटा 'मिथ' थेट १९व्या.

आपणही काही कमी नाही. कथेला माना डोलावून 'पुराणातली वांगी पुराणात' म्हणणारे आपणच. तरीही मी 'पुराणकथा' हाच शब्द वापरतो, ग्रीकांच्या कथांनाही. 'मिथक' म्हटलं की मला 'मिथ्या'च ऐकू येतं. आणि रामायण-महाभारताला परंपरेनं 'इतिहास' म्हटलंय, अठरा पुराणं वेगळी ठेवलीत. घरची नावं असताना उसनं घ्यायची मला गरज वाटत नाही. कुणी घेतलं तर भांडायलाही जात नाही.