आमची वाटचाल : शेडीच्या वर थांबणारी चिरेखाण

राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, आमची चिरेखाण आहे. चिरा म्हणजे बांधकामासाठी कापलेला जांभ्याचा, तांबड्या दगडाचा, ठोकळा. वडिलांनी सुरू केली तेव्हा चिरा हातानेच निघायचा. टिकावाने चर पाडायचा, पहारीने चिरा सोडवायचा आणि मग चारही अंगं तासत बसायचं. आता रुळांवर सरकणारं कटिंग मशीन आठवड्याचं काम दिवसात उरकतं. धंदा वाढला तो मशीनमुळे आणि वाडीला त्रास वाढला तोही मशीनमुळेच. हाताने खोदणारा माणूस दमून थांबायचा. मशीन थांबत नाही, त्यामुळे कुठे थांबायचं ते मालकालाच ठरवावं लागतं.

आम्ही शेडीच्या वर थांबतो. बाहेरच्यांसाठी सांगतो : जांभ्याखाली मऊ, चिकण, पांढुरका-पिवळसर थर लागतो, तीच शेडी. जांभा भोकाभोकांचा, सड्यावर पडलेला पाऊस त्यातून झिरपत खाली जातो. शेडी मात्र पाणी सहसा सोडत नाही. मग ते तिच्यावरून आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला, वाडीच्या वरच्या अंगाला झरा होऊन फुटतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी मे महिन्यात वाड्यांवर टँकर फिरतात. अशा ठिकाणी झऱ्याच्या वरच्या बाजूचा जांभा शेडीपर्यंत कापून काढला की पाणी साठवणारं भांडंच गेलं.

खाण वाढवायची होती तेव्हा वाडीतल्या एका आजीने बैठकीत सरळ विचारलं, “शेट, झरा आटला तर आम्ही जायचं कुठं?” तेव्हापासूनचा आमचा नियम असा, की तळाला जांभ्याचे काही थर तसेच सोडायचे आणि झऱ्याच्या डोक्यावरच्या पट्ट्याला हातच लावायचा नाही. सोडलेल्या मालाचे पैसे बुडतात हे खरं. पण तळचा चिरा मऊ निघतो, गवंडी तो परत पाठवतात, म्हणून लोक समजतात तेवढा हा तोटा नाही.

कामगार बहुतेक विजापूरकडचे. दिवाळीनंतर कुटुंबासकट येतात, पावसाआधी जातात. या धंद्यात मजुरी नगावर : अख्खा चिरा निघाला तर पैसे, तुटला तर काही नाही. म्हणजे दगडाच्या दोषाचा भुर्दंड मजुराला. तो भरून काढायला माणूस घाई करतो, पात्यावरचं कव्हर काढून ठेवतो, तोंडाला नुसता रुमाल बांधतो. आम्ही तुकड्यालाही दर लावला. मास्क आणि गॉगल दिलेच होते, पण खरा फरक पडला तो या दरामुळे. कव्हर आता जागेवर असतं.

तुकडे आमच्याकडे ढिगाने पडायचे. ते आता गावाला गडग्यांसाठी, म्हणजे दगड रचून घातलेल्या कुंपणांसाठी, नुसत्या भराईच्या खर्चात देतो. पहिला गडगा मात्र आमच्याच जुन्या खड्ड्याभोवती घातला, कमरेच्या वर. पावसाळ्यात चिरेखाणी तुडुंब भरतात, कडा सरळसोट कापलेल्या असतात, पोरं पोहायला उतरतात आणि वर यायला पाय ठेवायला जागा सापडत नाही. असे बळी कोकणात गेले आहेत. म्हणून खाण सोडताना एक बाजू उताराची करून देतो. दुसऱ्या एका खड्ड्यात खाणीतलाच चुरा भरून वर बाजूला काढून ठेवलेली माती पसरली आणि काजू लावला. कातळात खड्डा फोडून, माती भरून हापूस लावणाऱ्या मुलखात यात नवल काहीच नाही.

आंब्याशी आमचं भांडण धुळीचं. मोहोराच्या दिवसांत ट्रकमागे उडणारी तांबडी धूळ बागेवर बसली की बागायतदार खवळतो, आणि ते योग्यच आहे. त्या दिवसांत भरलेली गाडी ताडपत्री बांधल्याशिवाय सुटत नाही आणि रस्त्यावर पहाटे पाणी मारतो.

सड्यावरचा वरचा थर खरवडण्याआधी कातळशिल्पं शोधणाऱ्यांना बोलावून जागा पायी फिरून घेतो. कोकणातली कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यानंतर तरी “आम्हाला माहीत नव्हतं” म्हणायची सोय राहिलेली नाही. आमच्या पट्ट्याच्या एका टोकाला काही रेषा दिसल्या. माणसाने कोरलेल्या की निसर्गाच्या, यावर जाणकारांचं एकमत नाही. तो कोपरा वगळला.

आता पैशाचं. 2015 साली खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली. आम्ही काढलेल्या मालावर सरकारला रॉयल्टी भरतो तिच्याबरोबर प्रतिष्ठानाची रक्कम वेगळी भरतो. यातला मोठा हिस्सा पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांसाठी खाणबाधित गावांवर खर्चायचा असतो. पण गावाने मागितल्याशिवाय तो सहसा गावापर्यंत पोचत नाही आणि किती जमा होतो हे ठाऊक नसलेलं गाव मागणार तरी काय? म्हणून दर महिन्याला किती ब्रास (दगड-वाळू मोजायचं माप) माल गेला, रॉयल्टी किती भरली, प्रतिष्ठानाला किती दिले, याचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावतो. धंद्यातले काही मित्र यावरून रागावले. त्यांचं म्हणणं, आकडा दिसला की वर्गणीवाले दारात येतात. तसे आलेही. पण शाळेतल्या गुरुजींनी वर्षभराची बेरीज मांडली आणि ग्रामसभेने झऱ्याखाली टाकी व वाडीपर्यंत नळ मागणारा ठराव केला. प्रस्ताव जिल्ह्याला गेला आहे.

चोरटा माल हा सगळ्यांत मोठा अडसर. बेकायदा उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, तरी रात्रीच्या गाड्या चालतातच. त्यांना ना रॉयल्टी, ना गडगा, ना ताडपत्री, त्यामुळे त्यांचा चिरा आमच्यापेक्षा स्वस्त. घर बांधणाऱ्याने वाहतुकीचा पास, म्हणजे माल रॉयल्टी भरून निघाल्याचा कागद, मागितला तरच हे बदलेल. आम्ही प्रत्येक गाडीबरोबर पासची प्रत गिऱ्हाइकाच्या हातात देतो, न मागता. रस्त्यावर पाणी मारायच्या टँकरचा खर्च या मोसमापासून शेजारच्या एका खाणवाल्याने निम्मा उचलला आहे. दुसऱ्याशी बोलणं चालू आहे.