तुम्ही विचारलंत म्हणून: गेम सुरळीत, रेकॉर्डिंग का अडखळतं?

"गेम स्क्रीनवर मस्त चालतो, पण ओबीएसमध्ये रेकॉर्ड केलेला व्हिडिओ झटके खातो. माइक, गेम आणि डिस्कॉर्ड (खेळताना मित्रांशी बोलायचं अ‍ॅप) यांचे आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्यायला लागल्यापासून हे होतंय. ट्रॅक बंद करू का?" ओबीएस, म्हणजे स्क्रीन रेकॉर्ड करायचं मोफत सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांकडून हा प्रश्न वरचेवर येतो.

ट्रॅक अजिबात बंद करू नका. १६० केबीपीएसचे (सेकंदाला किलोबिट) चार ट्रॅक मिळून ६४० केबीपीएस होतात. १०८०पी, ६० एफपीएसचा (सेकंदाला ६० फ्रेम) चांगला व्हिडिओ एकटाच ३०-४० एमबीपीएस, म्हणजे ३०-४० हजार केबीपीएस घेतो. आवाजाचं ओझं नगण्य आहे.

सेटिंगला हात लावण्याआधी ओबीएसच्या डॉक्स मेनूतून स्टॅट्स उघडा, रीसेट दाबा आणि गेमच्या सगळ्यात जड भागात पाच मिनिटं रेकॉर्डिंग करा. बघायचे आकडे दोनच: रेंडरिंग लॅग (चित्र जुळवताना हुकलेल्या फ्रेम) आणि एन्कोडिंग लॅग (जुळवलेलं चित्र व्हिडिओत दाबून बसवताना, म्हणजे एन्कोड करताना सुटलेल्या फ्रेम).

बहुतेकांचा पहिला आकडा वाढतो. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद असतात. गेमने ग्राफिक्स कार्ड ९९ टक्के खाल्लं, की ओबीएसला तेवढ्यात चित्र जुळवायला वेळ मिळत नाही आणि फ्रेम हुकते. गेमला मात्र त्याचा वाटा मिळालेला असतो, म्हणून खेळताना काहीच जाणवत नाही. इथे बरेच जण बिटरेट (व्हिडिओ सेकंदाला किती डेटा घेतो तो आकडा) कमी करत बसतात. त्याचा उपयोग नाही, कारण हुकलेली फ्रेम एन्कोडरपर्यंत पोचलेलीच नसते. गेमच्याच सेटिंगमध्ये एफपीएसला मर्यादा घाला आणि कार्डाचा वापर ८५-९० टक्क्यांवर आणा. विंडोजवर ओबीएस 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडा. कार्डावर त्याला प्राधान्य मिळतं.

एन्कोडिंग लॅग वाढत असेल, तर प्रोसेसरवर चालणारा एक्स२६४ एन्कोडर सोडून ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर घ्या. एनव्हिडियावर प्रीसेट पी७ असेल तर पी५ किंवा पी४ करा, लुक-अहेड आणि सायको व्हिज्युअल ट्यूनिंग हे तिथलेच जादा पर्याय बंद ठेवा.

दोन्ही शून्य, तरी झटके? गेम १४४ एफपीएसवर आणि रेकॉर्डिंग ६० वर असेल, तर रेकॉर्डिंगच्या एका फ्रेममागे गेमच्या २.४ फ्रेम येतात. गेमच्या कधी एक, कधी दोन फ्रेम सोडून पुढची पकडली जाते आणि हालचाल खडबडीत दिसते. गेम १२० किंवा ६० वर बांधा. मग रेकॉर्डिंग व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. प्रत्येक फ्रेमला चित्र सरकतंय? मग फाइल ठीक आहे, दमतोय तो प्लेअर.

ट्रॅकची मांडणी अशी ठेवा: १ वर सगळं एकत्र, २ माइक, ३ गेम, ४ डिस्कॉर्ड. बहुतेक प्लेअर एका वेळी एकच ट्रॅक वाजवतात, म्हणून पहिला मिश्रच हवा. अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये खुणा केल्यात, तशा सेटिंगमधल्या आउटपुटच्या रेकॉर्डिंग टॅबमध्येही चारही ट्रॅकवर करा. हे हमखास राहून जातं. गेमचा आवाज अ‍ॅप्लिकेशन ऑडिओ कॅप्चरने (एकाच अ‍ॅपचा आवाज पकडणाऱ्या सोयीने) घेत असाल, तर डेस्कटॉप ऑडिओ बंद करा, नाहीतर आवाज दुहेरी येतो. विंडोज, माइक, ओबीएस तिन्हीकडे आवाजाचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झच ठेवा. रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये करा, म्हणजे मध्येच पीसी बंद पडला तरी तोवरचं हाती राहतं. एमपी४ हवी असेल तर नंतर फाइल मेनूतून रीमक्स करा, म्हणजे पुन्हा एन्कोड न करता फक्त फाइलचा प्रकार बदला. त्यात चारही ट्रॅक जसेच्या तसे येतात.