पिचरचा हात दुखतोय: बॉल द्यायचा की काढून घ्यायचा?

आपल्याकडे शालेय बेसबॉल म्हणजे महिनोन्‌महिने शुकशुकाट आणि मग दोन दिवसांत तीन सामने. बाद पद्धत असली की सर सगळ्यात जोरात टाकणाऱ्या पोरालाच पिचर म्हणून, म्हणजे बॅटरकडे बॉल टाकायला, पहिल्या इनिंगपासून उभं करतात आणि शेवटपर्यंत काढत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराला केस विंचरायलाही हात वर नेता येत नाही. आज त्याला खेळवायचं का, हे ठरवताना "जास्त दुखतंय का रे?" विचारून उपयोग नाही. खेळायचं असलं की लेकरं खोटं बोलतात. कुठे दुखतंय ते एका बोटाने दाखवायला सांगा.

तळहात फिरवत खांद्याची मागची बाजू किंवा पाठीच्या फऱ्याभोवतीचा भाग दाखवला, तर बहुतेक वेळा तो स्नायूंचा शिणवटा असतो. बॉल सुटेपर्यंत जोर लावणारे स्नायू वेगळे, आणि सुटल्यावर हात थांबवणारे वेगळे. वरच्या दर्जाच्या पिचरचा खांदा सेकंदाला 7000 अंशांच्या आसपास वेगाने फिरतो. त्याला ब्रेक लावायचं काम खांद्यामागच्या छोट्या स्नायूंचं. ताणले जात असतानाच त्यांना जोर धरावा लागतो, त्यात बारीक इजा होते आणि 24 ते 72 तास हात भरून येतो. "लॅक्टिक ॲसिड साठलंय, चोळून काढा" हे सोडून द्या. ते तासाभरात रक्तातून निघून गेलेलं असतं.

बोटाने कोपराच्या आतल्या बाजूचं हाड दाखवलं, तर विषय तिथेच संपला. बॉल त्याच्या हातातून काढून घ्या. हात पूर्ण मागे वळतो त्या क्षणी कोपराची आतली बाजू फाकायला बघते आणि तो ताण एका छोट्या अस्थिबंधावर (हाडांना जोडणाऱ्या पट्टीवर, लिगामेंटवर) येतो. डॉ. फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये टॉमी जॉन या पिचरचा हाच अस्थिबंध नव्याने बसवला, म्हणून त्या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. पण नऊ ते चौदा वर्षांच्या मुलात अस्थिबंधाआधी हाडाची वाढीची जागा हार मानते. अशा वेळी हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढायला सांगा, म्हणजे फरक दिसतो. साधारण चार ते सहा आठवडे फेकणं पूर्ण बंद राहतं. खांद्याच्या वरच्या टोकाशी वाढीची जागा दुखावली असेल, तर तीन महिनेही लागू शकतात. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, फेकताना कळ निघत असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर वय कितीही असो, दाखवून घ्या. गावातल्या पैलवानाकडे "शीर बसवायला" मात्र नेऊ नका. वाढीच्या हाडाशी जोरात ओढाओढ म्हणजे आगीत तेल.

नुसता शिणवटा असेल तर पुढचे दोन दिवस असे. सामना संपल्यावर लगेच बसू देऊ नका, दहा मिनिटं चालवा. बर्फाने दुखणं दबतं, भरून येण्याचा वेग वाढतो असं नाही. लावायचाच तर ओल्या टॉवेलमधून 15 मिनिटं, आणि कोपराच्या आतल्या बाजूला नको, तिथे नस अगदी कातडीखाली असते. दुसऱ्या दिवशी 15-20 मिनिटं हलकं धावणं आणि ट्यूबचे व्यायाम. विकतचं रबर नसेल तर सायकलची जुनी ट्यूब उभी कापून खिडकीच्या गजाला बांधा. कोपर कमरेशी, कोपर आणि बरगड्यांमध्ये घडी केलेला नॅपकिन. हात बाहेर फिरवायचा, परत येताना मनात तीन मोजत सावकाश यायचं. 15 चे दोन सेट. नॅपकिन खाली पडला तर कोपर उचललं जातंय, म्हणजे ट्यूब जास्त घट्ट आहे. पुढच्या दिवशी 20 मीटरवरून निम्म्या जोराने 25 थ्रो.

त्यानंतर कसोटी पहिल्या 15 थ्रोंची. सुरुवातीला दुखलं आणि 15 थ्रोंच्या आत थांबलं, तर मागच्या वेळेइतकंच काम द्या, वाढवू नका. 15 नंतरही दुखतच राहिलं किंवा थांबून पुन्हा सुरू झालं, तर तिथेच थांबवा. दोन दिवस सुट्टी आणि परत येताना एक पायरी खालून. थ्रोइंगनंतर तासाभरापेक्षा जास्त किंवा दुसऱ्या दिवशी दुखलं, तर एक दिवस सुट्टी आणि मग तेवढंच काम पुन्हा. गोळी देऊन मैदानात उतरवलं की ही कसोटीच बाद होते. दुखणं झाकलं जातं, ताण तेवढाच राहतो.

मोजणी हवीच. अमेरिकेतल्या 'पिच स्मार्ट' नियमांप्रमाणे 13 ते 16 वयात एका दिवसाला जास्तीत जास्त 95 पिच (म्हणजे पिचरने बॅटरला टाकलेले बॉल), 17-18 ला 105. पंधरा ते सोळाच्या मुलाने 31 ते 45 टाकले तर एक दिवस विश्रांती, 46 ते 60 ला दोन, 61 ते 75 ला तीन, 76 च्या पुढे चार. हे आकडे नियमित फेकणाऱ्या पोरांसाठी आहेत. दोन महिने बॉलला हात न लावता स्पर्धेला आलेल्याला मी 40 च्या पुढे जाऊ देणार नाही, मग फायनल का असेना. आणि पिचिंगवरून काढलेल्याला कॅचर (बॅटरमागे बसून बॉल पकडणारा) करू नका. कॅचरला प्रत्येक पिच परत फेकायचा असतो. रविवारी हाच पोरगा टेनिस बॉल क्रिकेटमध्ये बाउंड्रीवरून फेकतो तेही धरा. खांद्याला खेळ कुठला ते कळत नाही.

आता माउंड, म्हणजे पिचर ज्यावरून टाकतो तो मातीचा उंचवटा. आपली बरीच मैदानं सपाट, त्यामुळे पोरं सपाटीवर शिकतात आणि मोठ्या स्पर्धेत एकदम 10 इंच उंचीवर चढतात. पुढचा पाय उशिरा टेकतो, हात मागे राहतो आणि सगळा भार कोपरावर. सरावाचा माउंड करणं अवघड नाही: पिचरने पाय टेकवायची 24 बाय 6 इंचाची रबरपट्टी, तिच्यापुढे सहा इंच सपाट, तिथून दर फुटाला एक इंच उतार. नुसत्या काळ्या मातीचा करू नका. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात पाय घसरतो. खाली मुरूम दाबा, वर चाळलेली माती पाणी मारून धुमसा, आणि पाय टेकतो तिथला खड्डा रोज सरावानंतर लगेच भरा.